जाड्या-रड्याचा पियानो आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी जाता जाता लिहून गेलो की बोलपट नवीन होते तेव्हाची एकच पडापडीची कॉमेडी बघायची असेल तर लॉरेल-हार्डीची 'द म्युझिक बॉक्स' बघा, आणि त्या एका ओळीवर तुम्ही लोकांनी मेलचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता ढीग लावलाय. तेव्हा या वेळचं सदर अख्खं जाड्या-रड्याला, म्हणजे याच लॉरेल-हार्डीला. बाकीच्यांनी रुसू नका, तुमचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.

काका, आमच्या चाळीत गणपतीत पडदा बांधून सिनेमे दाखवायचे. त्यात दोघं जण भलंमोठं खोकं जिन्याने वर नेतायत आणि ते सारखं खाली येतंय असं काहीतरी पाहिल्याचं आठवतंय. तोच का हा? गोष्ट काय होती आणि कोण कोण होतं त्यात? – एक वाचक, गिरगाव

तोच, तोच. १९३२ सालचा, एप्रिलमध्ये आलेला, तीन रिळांचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचा. निर्माता हॅल रोच, दिग्दर्शक जेम्स पॅरट. गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल. एक बाई नवऱ्याला वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून पियानो घेते, तो घरी पोचवायचं काम मिळतं आपल्या दोघांना, ज्यांनी ३ डॉलर ८० सेंट एवढ्या प्रचंड भांडवलावर ट्रान्सपोर्टचा धंदा टाकलाय. पोस्टमनला पत्ता विचारतात, तो वर बोट दाखवतो, आणि वर म्हणजे पार टेकडीच्या माथ्यावर, मधे हा एवढा लांबच लांब दगडी जिना. झालं, उचला खोकं.

अर्धं चढून होतंय तोच वरून बाबागाडी घेऊन आया येते, जरा बाजूला होता का म्हणते, हे दोघं अगदी सभ्य माणसासारखे बाजूला होतात, खोकं सुटतं आणि धडाधड रस्त्यावर. आया हसते. मग तिची आणि यांची जुंपते, ती जाऊन पोलिसाला सांगते, पोलीस खालून हाका मारतो, हे खाली येतात आणि यांच्या मागोमाग पियानोही येतो, त्याला कोणी बोलावलेलं नसताना. पुन्हा चढतात तर समोरून एक चिडका प्रोफेसर, टॉप हॅट घातलेला, म्हणतो हे सगळं बाजूला घ्या, मला जायचंय. जरा वळसा घालून जा ना असं सुचवल्यावर त्याचा जो भडका उडतो, त्यात त्याची हॅट पायऱ्यांवरून गडगडत जाऊन गाडीखाली चेचली जाते. शेवटी एकदाचे वर पोचतात, घाम पुसतात, बेल दाबतात, आणि पियानो परत निघतो खाली, या वेळी हार्डीला सोबत ओढत.

आता यातला सगळ्यात भारी भाग. पुन्हा सगळं वर आणून झाल्यावर तो पोस्टमन भेटतो आणि सांगतो, अहो एवढे जिने कशाला चढलात, मागच्या बाजूने सरळ रस्ता आहे की, गाडी दारापर्यंत येते. मग हे काय करतात? पियानो सगळा जिना उतरवून खाली नेतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर आणतात. हे मी कितव्यांदा पाहिलंय देव जाणे, दर वेळी तेवढाच हसतो.

पुढे घरात कोणी नसतं म्हणून दोर आणि कप्पी लावून खिडकीतून चढवायचा उद्योग, हार्डी दारासमोरच्या हौदात, घरभर पाणी, आणि प्रोफेसर परत येतो तर घर त्याचंच. त्याला पियानो या वस्तूचाच तिटकारा, तो कुऱ्हाड घेऊन तुटून पडतो. ते वाद्य आपोआप वाजणाऱ्यातलं असतं, त्यातून मधेच अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू होतं आणि कुऱ्हाड टाकून तिघंही सलाम ठोकून ताठ उभे. गीत संपलं की पुन्हा कुऱ्हाड. या गाण्याला अधिकृत राष्ट्रगीताचा दर्जा १९३१ च्या मार्चमध्येच मिळाला होता, म्हणजे सिनेमा आला तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम वर्ष झालेलं, तेव्हाच्या प्रेक्षकाला तो चिमटा किती ताजा वाटला असेल बघा. आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही, थेटरात पॉपकॉर्नचा डबा हातात धरून ताठ उभं राहणं आपण सगळ्यांनीच केलंय.

मंडळी अशी. बारीक तो स्टॅन लॉरेल, जाडा तो ऑलिव्हर हार्डी. प्रोफेसर थिओडोर फॉन श्वार्झेनहॉफेन (आणि त्यापुढे पदव्यांची मालगाडी) म्हणजे बिली गिल्बर्ट. पोस्टमन चार्ली हॉल, आया लिलियन आयरिन, पोलीस सॅम लफकिन, दुकानातला विक्रेता विल्यम गिलेस्पी, प्रोफेसरची बायको ग्लॅडिस गेल. गाडीला जुंपलेल्या सूझी घोडीला विसरू नका. हार्डी पियानो पाठीवर घ्यायला वाकतो आणि ती नेमकी तेव्हाच दोन पावलं पुढे सरकते, टायमिंग म्हणजे काय ते त्या जनावराकडून शिकावं.

सर, माझ्या मुलाला मोबाइलवर लावून दिला तर त्याने दीडपट स्पीड करून बघितला आणि म्हणाला बोअर आहे, सारखे थांबतात. खरं सांगू का, मला पण थोडा स्लो वाटला. – एक वाचक, ठाकूर व्हिलेज, कांदिवली

तुमचा मुलगा बरोबर बोलला, थांबतात. मुद्दाम थांबतात. स्पीड वाढवलात की सिनेमातला नेमका तोच भाग तुम्ही कापून टाकता.

लॉरेल-हार्डीचे सिनेमे बाहेर पडण्याआधी साध्या प्रेक्षकांना दाखवून बघायचे. कुठे हसू येतं, किती वेळ टिकतं, हे लक्षात ठेवायचे आणि मग एडिटिंगच्या टेबलावर त्या हशासाठी जागा ठेवायचे. कारण हे बोलपट होते ना. मूक सिनेमात लोक कितीही हसले तरी बिघडत नव्हतं, बोलपटात तुम्ही हसत राहिलात तर पुढचं वाक्य बुडालं. म्हणून पियानो खाली गेला की हार्डी आधी त्याच्याकडे बघतो, मग लॉरेलकडे, आणि मग सरळ कॅमेऱ्यात म्हणजे तुमच्याकडे, भाऊ, बघताय ना काय माझ्या नशिबी आलंय ते. तेवढ्या वेळात हजार माणसांचं थेटर हसून घ्यायचं. तुम्ही एकटे कानात इअरफोन घालून बघताय, तिथे हसायला दुसरं कोणी नाही, मग ती जागा रिकामी वाटते आणि आपण म्हणतो स्लो आहे. दोष सिनेमाचा नाही, मुलाचाही नाही. रविवारी टीव्हीवर लावा, आजीला बसवा, शेजारची दोन पोरं बोलवा, आणि स्पीडचं बटण कोणाच्या हाती देऊ नका. मग परत कळवा मला.

आणि अजून एक, यात काय होणार हे आधीच माहीत असण्यात मजा आहे. पियानो खाली येणार हे पहिल्या पायरीवर कळतंच. चाळीच्या लाकडी जिन्यावरून गोदरेजचं कपाट चढवताना खालच्या मजल्यावरचे सगळे दारात येऊन उभे राहतात ना, ते काय कपाट बघायला येतात का? ते येतात कधी अडकतंय ते बघायला.

तो जिना खरा होता की सेट? आणि खोक्यात खरोखर पियानो होता का? माझं लॉजिस्टिक्सचं काम आहे म्हणून विचारतोय. – एक वाचक, भांडुप

जिना खरा, आजही आहे. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात, व्हेंडोम स्ट्रीटवरून वर डेस्कान्सो ड्राइव्हला जातो, पायऱ्या १३३. शहराने तिथे नावाची पाटी लावलीये, लोक लांबून येऊन चढतात, फोटो काढतात. फक्त वर गेल्यावर सिनेमातलं घर शोधू नका, ते स्टुडिओतलं होतं.

गंमत अशी की हा जिना या दोघांनी त्याआधीही वापरला होता. १९२७ ला 'हॅट्स ऑफ' नावाचा त्यांचा मूकपट आला, त्यात पियानोच्या जागी कपडे धुवायचं मशीन होतं, जिना हाच. त्याची एकही प्रत आज कुठे सापडलेली नाही. जगभरातले शौकीन अजून शोधतायत. कोणाच्या माळ्यावर जुनी रिळं पडलेली असतील तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा बघून घ्या हो, मी थट्टा करत नाहीये.

खोक्यात काय होतं याबद्दल लोक अजून वाद घालतात, तो मी तुमच्या माथी मारत नाही. तुमच्या धंद्याच्या दृष्टीने एवढंच सांगतो की दोन माणसं, एक पट्टा, खाली चाकं असलेलं खोकं आणि १३३ पायऱ्या, हे कोटेशन देऊ नका.

मूकपटातली पडापडी बोलपट आल्यावर संपली असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. मग हे दोघं कसे टिकले? – मास मीडियाची विद्यार्थिनी, परळ

बऱ्याच जणांची संपली हे खरंय. सुरुवातीचा माइक म्हणजे मोठं लफडं होतं, नट त्याच्याभोवती खिळून उभे, कॅमेरा आवाज करतो म्हणून पेटीत कोंडलेला, कोणी धावायचं नाही, कोणी पडायचं नाही. पडापडीवर पोट असणाऱ्याने करायचं काय? आपल्याकडेही तोच काळ, 'आलम आरा' १९३१ च्या मार्चमध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' तिथेच. लोक बोलणं आणि गाणं ऐकायला रांगा लावत होते.

या दोघांनी काय केलं तर बोलणं कमीच ठेवलं. पहिला बोलपट १९२९ चा, 'अनअकस्टम्ड ॲज वी आर', आणि तेव्हाच त्यांना उमगलं होतं की पडलेला माणूस दाखवण्यापेक्षा पडल्याचा आवाज नुसता ऐकवला तर जास्त हसू येतं. दार बंद, माणूस आत गेला, पडद्यावर कोणी नाही, आतून धाडधाड आवाज, आणि बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्याचं तोंड. प्रेक्षक उरलेलं डोक्यात बघतो.

'म्युझिक बॉक्स'मध्ये हे पार टोकाला नेलंय. नीट कान देऊन बघ, ते खोकं प्रत्येक पायरीवर आतून वाजतं. टण्ण, झंकार, कुईं. पियानो अर्धा सिनेमा दिसतच नाही, फक्त ऐकू येतो, आणि हळूहळू असं वाटायला लागतं की आत कोणीतरी बसलंय आणि त्याला वर जायचंच नाहीये. हाच सिनेमा मूक असता तर खोकं नुसतं खोकं राहिलं असतं. म्हणून मी म्हणतो हा बोलपटच आहे, बोलणारा पियानो आहे. प्रोजेक्टमध्ये टाकायचं तर खुशाल टाक, माझं नाव नको.

आवाजांचंही बघ. लॉरेल इंग्लंडच्या अल्व्हरस्टन गावचा, हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, दोघांचेही आवाज अंगाला शोभणारे निघाले, हार्डी तर उत्तम गायचा. आणि तेव्हा डबिंग नीट जमत नव्हतं म्हणून परदेशासाठी तेच सीन पुन्हा स्पॅनिश, फ्रेंच, जर्मनमध्ये शूट करायचे, हे दोघं समोरच्या फळ्यावर उच्चार लिहून ठेवून वाचायचे. भाषेचा गंध नाही. लोकांना ते मोडकं बोलणंच आवडलं.

दोघांत डोकं कोणाचं? घरात पैज लागलीये. मी म्हणते जाड्याचं, कारण सगळे हुकूम तोच सोडतो. – एक वाचक, विलेपार्ले

हरलात ताई. पडद्यावर हुकूम जाड्याचे, पडद्यामागे सगळं रड्याचं. लॉरेलचं खरं नाव आर्थर स्टॅन्ले जेफर्सन, जन्म १८९०. नाटकवाल्यांच्या घरातला, फ्रेड कार्नोच्या विनोदी खेळांच्या कंपनीतून १९१० ला अमेरिकेत आला आणि त्याच कंपनीत चार्ली चॅप्लिनचा बदली नट होता. विनोद रचणं, दिग्दर्शकाच्या शेजारी बसणं, एडिटिंग, सगळीकडे त्याचा हात, रात्री उशिरापर्यंत. त्यामुळे पगारही त्याला हार्डीपेक्षा जास्त, आणि हार्डीला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं, तो शूटिंग संपलं की गोल्फ खेळायला पसार.

पण म्हणून हार्डी नुसता अंगापिंडाचा माणूस होता असं समजू नका. १८९२ चा जन्म, तरुणपणी गावच्या थेटरात प्रोजेक्टर चालवायचा, पडद्यावरचे नट बघून म्हणाला एवढं तर मी पण करीन, आणि फ्लोरिडात जाऊन १९१४ मध्ये सिनेमात घुसला. एवढ्या वजनाचा माणूस इतक्या नाजूकपणे बोटं हलवतो, टाय फडफडवतो, बेल दाबताना करंगळी वर करतो, आणि या सगळ्या रुबाबानंतर पडतो म्हणून हसू येतं. माझं मत विचाराल तर कागदावर लॉरेल मोठा, पडद्यावर मी बघतो हार्डीकडे. पैजेचे पैसे मात्र द्या.

आयेला लाथ मारतात तो प्रसंग मला आवडला नाही. एवढं कौतुक करताना तुम्ही हे कसं चालवून घेता? – एक वाचक, माहीम

रास्त आहे. लॉरेल तिला मागून लाथ मारतो आणि १९३२ च्या थेटरात त्यावर सहज हशा आला असणार. आज मलाही तिथे जरा अडखळायला होतं. फक्त पुढचं बघा, ती गप्प बसत नाही, लॉरेलला एक ठोसा, त्यावर हार्डी हसतो तर बाळाची दुधाची बाटली त्याच्या टाळक्यात फोडते आणि वर पोलिसात जाते. या सिनेमात ज्याच्या अंगावर गणवेश आहे, पदव्या आहेत किंवा ज्याला घाई आहे, तो प्रत्येक जण या दोन हमालांवर डाफरतो आणि हे दोघं नको त्या माणसावर राग काढतात. पण लाथ ती लाथ, तुमचं म्हणणं मी खोडत नाही.

प्रोफेसर आणि पोस्टमन झालेले नट आणखी कशात दिसतात? – एक वाचक, मुलुंड

बिली गिल्बर्ट शिंकेसाठी प्रसिद्ध होता, शिंक येणार येणार म्हणून चेहरा वेडावाकडा करत दोन मिनिटं काढायचा. डिस्नीच्या १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधला शिंकणारा बुटका आठवतो? आवाज याचाच. चॅप्लिनच्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये ज्याच्या छातीवरची पदकं चॅप्लिन ओरबाडून काढतो तो फील्ड मार्शल हेरिंग, तोही हाच.

चार्ली हॉल हा बर्मिंगहॅमचा ठेंगणा गडी, या दोघांच्या जवळजवळ पन्नास सिनेमांत कुठे ना कुठे असतोच. बहुतेक वेळा वैतागलेला दुकानदार नाहीतर शेजारी. इथे पोस्टमन म्हणून तो चक्क शांत आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळा त्याच्याच शांत वाक्याने होतो.

ऑस्कर मिळालं होतं म्हणतात, खरं का? – एक वाचक, लालबाग

खरं. विनोदी लघुपटांचं बक्षीस पहिल्यांदा दिलं तेच याला, १९३२ च्या नोव्हेंबरात. लॉरेलला स्वतःला मानाचं ऑस्कर मिळायला १९६१ उजाडलं, तोवर हार्डी जाऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती.

आपल्याकडे अशी जोडी कधी झाली का हो? की आपण नुसतं त्यांचंच कौतुक करायचं? – एक वाचक, दादर पूर्व

तुम्ही दादर पूर्वेला राहता आणि मला विचारता! फाळके रोडला रणजित स्टुडिओ होता ना, चंदुलाल शहांचा, तिथेच ही जोडी होती. दीक्षित आणि घोरी. मनोहर जनार्दन दीक्षित हा सिन्नरचा मराठी माणूस, जाडा, आणि नझीर अहमद घोरी बारीक. तीसच्या दशकात रणजितच्या एकामागून एक सिनेमांत दोघं असायचे, लोक त्यांना हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणायचे, आणि नुसतं त्यांचं नाव ऐकून तिकिटं जायची. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेला, दीक्षित १९४९ ला वारला. आज फाळके रोडवरून फुलबाजाराकडे जाणाऱ्या किती जणांना ही नावं माहीत असतील? कोणी त्यांच्यावर नीट काम केलं तर मी स्वखर्चाने वडापाव खिलवीन.

मराठीत दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. मास्टर विनायकांच्या १९४० च्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामूअण्णा चिमणराव आणि जोग गुंड्याभाऊ, चिं. वि. जोश्यांची पात्रं. इथे पडापडी कमी, पण तत्त्व तेच, एक जण भित्रा, दुसरा धडाडीचा, आणि दोघं मिळून काम जास्त बिघडवतात. दामूअण्णांचे तिरळे डोळे आणि त्यांनी नुसतं समोर बघणं, त्याला संवाद लागायचाच नाही.

रंगवलेली कॉपी बघू की ब्लॅक अँड व्हाइट? – एक वाचक, चेंबूर

ब्लॅक अँड व्हाइट. रंगवलेल्यात दोघांचे चेहरे पावडर लावून लग्नाला निघाल्यासारखे दिसतात. आणि हे बघून झाल्यावर पुढे काय, असं बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यांच्यासाठी इथेच सांगतो. त्याच वर्षीचा 'हेल्पमेट्स' आधी बघा, बायको परत यायच्या आत घर आवरायचं असतं आणि घरच उरत नाही. मग 'काउंटी हॉस्पिटल', त्यात गिल्बर्ट डॉक्टर आहे आणि खिडकीबाहेर लटकतो. मोठ्या सिनेमांत १९३३ चा 'सन्स ऑफ द डेझर्ट' आणि १९३७ चा 'वे आउट वेस्ट', दुसऱ्यात दोघं सलूनसमोर जो साधासा नाच करतात तो मुलांना दाखवाच. चाळीसच्या दशकात दुसऱ्या स्टुडिओंकडे गेल्यानंतर लॉरेलला काही करूच दिलं नाही, ते सिनेमे बघितले नाहीत तरी चालेल.